साम्यवाद आणि विटाळ

साम्यवाद व्यवहारांत टिकेल काय, असें अंधेरी-बोरिवलीकडील वाचक आम्हांस पुसतात. रशियाचें राज्य 1991 सालीं मोडलें. तो दाखला दूरचा. घरचाच घेऊं. 1928 सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांनीं पोटाला चिमटा घेऊन सुमारें सहा महिने संप केला. लाल बावट्याची युनियन त्यांतच उभी राहिली. पण विणकाम खात्यांत धोट्याचें सूत तोंडानें ओढावें लागे, म्हणून तेथें अस्पृश्य बांधवांस मज्जाव! आणि तो घालणारे कोण? आमचेच मराठे भाऊबंद. डॉ. आंबेडकरांनीं जाब विचारला तो हाच. मालकाकडे समता मागावी नि शेजाऱ्याचा विटाळ धरावा, हा कसला साम्यवाद? उलट 1945 सालीं ठाणें जिल्ह्यांत गोदावरी व शामराव परुळेकर वारल्यांत जाऊन राहिले, तेव्हां वेठ व लग्नगड्याची गुलामगिरी मोडली. मुलुंड-घाटकोपरांत ज्यास हा बावटा धरावयाचा असेल, त्यानें आपण कोणाच्या घरचें पाणी पितों तें आधीं सांगावें.