मन लागण्याची वाट पाहू नका

भोर-वेल्ह्यात लावणी उरकते, झड लागते आणि माणसे घरात अडकतात. त्यात मन उदास असले, की ‘मन लागलं की उठेन’ असे होते. नैराश्यात मात्र क्रम उलटा असतो: आधी हालचाल, मग उत्साह. अंथरुणाची घडी, दोन भांडी, तुळशीला पाणी, एवढ्यापासून सुरुवात पुरते. काम पूर्ण झाल्याचे समाधान पुढच्या कामाला बळ देते.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी याच तत्त्वावर उपचार केले. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांचे ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले, इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

म्हणून ‘कामाला लाग’ हा टोमणा म्हणजे उपचार नव्हे. दिवसभर राबणाऱ्या सुनेला आणखी भांडी नकोत. तिचे छोटे काम म्हणजे शेजारणीशी दहा मिनिटे गप्पा. घरच्यांनी हुकूम सोडू नये, सोबत उठावे.

उदासी दोन आठवडे टिकली, झोप-भूक बिघडली, तर सरकारी दवाखाना गाठावा. जगणे नकोसे वाटले, तर क्षणही न दवडता १४४१६ या ‘टेलीमानस’ क्रमांकावर बोलावे. तो मोफत आहे.