गाईडशी बोला, आणि लेखी बोला!

गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातला एक संशोधक विद्यार्थी आमच्या कार्यालयात आला. गाईड प्रगती अहवालावर सही करीत नाहीत, फेलोशिप अडकली, नोटीस काढा, असे त्याचे म्हणणे. फाईल भली मोठी. टिपणे, प्रश्नावल्या, झेरॉक्सचे गठ्ठे. पण गाईडला दिलेला एकही अर्ज त्यात नव्हता. "तोंडी सांगितलं होतं, सर." किती वेळा? "दोनदा. मग पुन्हा जायची हिंमत झाली नाही." आता कोर्टापुढे आम्ही ठेवायचे काय?

आमची पोरे अभ्यासात कमी पडत नाहीत. ती गाईडच्या दाराबाहेर अडतात. ज्यांचे काका-मामा प्राध्यापक आहेत, त्यांना विभागप्रमुखाशी कसे बोलावे हे घरातच कळते. आमच्या घरांना मात्र साहेबापुढे गप्प राहणे म्हणजेच आदर, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. ते मौन आमची मुले विद्यापीठातही घेऊन जातात आणि सहा-सहा महिने गाईडला तोंड दाखवीत नाहीत!

बाबासाहेबांनी काय केले? 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण निघण्यापूर्वी, चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. 1920 साली ते परत गेले. पुढे परीक्षकांनी डी.एस्सी.चा प्रबंध बदलून मागितला. बाबासाहेब रुसले नाहीत, नमलेही नाहीत. पुन्हा लिहिला, निष्कर्ष तेच ठेवले आणि 1923 साली पदवी घेतली. त्या ग्रंथाला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि तीत कॅनन यांनी आपले मतभेदही नोंदविले आहेत. गुरू-शिष्यांचा मतभेद असा उघड, छापील!

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार संशोधकाने दर सत्रात सल्लागार समितीपुढे आपले काम मांडायचे असते. किती जण तिथे आपली अडचण मांडतात? गाईडला भेटून आलात की त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल पाठवा: आज काय ठरले, प्रकरण कोणत्या तारखेला देणार, अभिप्राय केव्हा मिळेल. इंग्रजी अडते तर मराठीत लिहा. प्रकरण दिले की पोच घ्या.

आणि हेही सांगितले पाहिजे, प्रत्येक लाल शाई जातीची नसते. काही प्रकरणे खरोखरच कच्ची असतात. काही गाईड नुसते आळशी असतात, ते सगळ्यांनाच रखडवतात. पण जिथे जातच आडवी येते, तिथे तारीखवार कागद हवा.

लिहिले म्हणजे न्याय मिळतोच, असे आम्ही म्हणत नाही. रोहित वेमुलाने डिसेंबर 2015 मध्ये कुलगुरूंना पत्र लिहिले होते. 17 जानेवारी 2016 रोजी तो गेला. म्हणून एकट्याने लिहू नका. पत्राची प्रत मित्राकडे, संघटनेकडे ठेवा. पण ते पत्र आहे, म्हणूनच आज 'आम्हाला काही ठाऊकच नव्हते' असे कुणाला म्हणता येत नाही.

त्या मुलाला आम्ही नोटीस काढून दिली नाही. आमच्याच टेबलावर बसवून गाईडला पत्र लिहायला लावले. पहिल्या खर्ड्यात तीन ठिकाणी 'माफी' होती. ती काढली, तारखा घातल्या. पोच घेण्यासाठी दुसरी प्रत काढून तो रात्रीच्या एस.टी.ने गेला.