ठिपके आपले, रांगोळी परवान्याची

परवा सुटीत भाचा आला. तालुक्याच्या गावी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चहाचा कप हातात घेता घेताच गाऱ्हाणे सुरू झाले.

"मामा, आमच्या लॅबमध्ये तीस एफपीजीए बोर्ड आहेत, पण सगळे कपाटात. सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलंय. सर म्हणतात, मार्चनंतर बघू."

प्रोजेक्ट द्यायचा होता फेब्रुवारीत!

सौ. भाजी निवडत बसली होती. तिने विचारले, "बोर्ड तुमचे, वीज तुमची, मग अडलंय कुठं?"

प्रश्न नेमका होता. उत्तरासाठी ठिपक्यांची रांगोळी आठवावी. एरवीच्या चिपमधली जोडणी कारखान्यातच कायमची होते. घड्याळाची चिप जन्मभर घड्याळाचीच. एफपीजीएमध्ये मात्र कारखाना नुसते ठिपके काढून देतो. रेघा आपण ओढायच्या. आज घड्याळ, उद्या ते पुसून सिग्नलचे दिवे, परवा एखादा लहानसा संगणकसुद्धा. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली अशी पहिली चिप विकायला आणली, तेव्हा तिच्यात असे ६४ ठिपके होते. आज मोठ्या चिपमध्ये ते लाखांनी मोजतात. हाताने जोडायची सोय उरलेली नाही. आपण व्हेरिलॉगसारख्या भाषेत काय हवे ते लिहायचे. त्यासाठी कोणती मंडले लागतील, ती चिपमध्ये कुठे बसतील, तारा कोणत्या वाटेने जातील, हे सॉफ्टवेअर ठरवते आणि शेवटी शून्य-एकची लांबलचक माळ चिपमध्ये भरते. त्या माळेतला कितवा 'एक' कोणती रेघ ओढतो, ते बहुतेक कंपन्या सांगत नाहीत. अडते ते इथे. बोर्ड विकत घेतला, तरी त्याच्याशी बोलण्याची भाषा परवान्यावर मिळते.

ही भाषा उलगडण्याचा उद्योग क्लेअर वुल्फ आणि माथियास लासर यांनी केला. लॅटिस कंपनीची 'आइस-४०' ही साधी, स्वस्त चिप त्यांनी निवडली. रीत अगदी घरगुती म्हणावी अशी. नव्या घरात कोणते बटण कोणत्या दिव्याचे ते कळत नाही, तेव्हा आपण काय करतो? एकजण बटणापाशी, दुसरा खोल्यांतून हिंडत "लागला, लागला" म्हणून ओरडतो. तसेच कंपनीच्या सॉफ्टवेअरला अगदी चिमुकले आराखडे द्यायचे, एकात इवलासा बदल करायचा, आणि माळेतला कोणता मणी उलटला ते पाहायचे. असे किती वेळा केले असेल, याची कल्पनाच केलेली बरी! या चिकाटीतून २०१५ साली 'आइसस्टॉर्म' आकाराला आले. वुल्फ यांचे 'योसिस' आधीपासून होतेच. ते व्हेरिलॉगचे मंडलात रूपांतर करते. जागा आणि वाटा ठरवणारे 'नेक्स्टपीएनआर' २०१८ मध्ये आले. त्याच सुमारास लॅटिसच्याच थोरल्या 'ईसीपी५' चिपचीही माळ उलगडली. हे सारे फुकट तर आहेच, शिवाय आत काय चालते ते उघडून वाचता येते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मला ही दुसरी गोष्ट मोलाची वाटते.

कंपन्यांना खलनायक ठरवण्याची मला हौस नाही. त्यांची सॉफ्टवेअरे वर्षानुवर्षांच्या मेहनतीची आहेत. मोठ्या चिप आणि वेगाची कामे त्यांच्यावरच चांगली होतात. लहान चिपसाठी काही कंपन्या ती फुकटही देतात. पण शिकायला लाखो ठिपके लागतात कुणाला? १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर खुला केला. आज सी भाषा शिकणाऱ्या पोराला कुणी परवाना विचारत नाही. हार्डवेअर शिकणाऱ्याला मात्र कॉलेजच्या खरेदी समितीची वाट पाहावी लागते. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने मंडलांच्या अभ्यासासाठी 'ई-सिम' हे खुले सॉफ्टवेअर केले आहे. म्हणजे ही वाट आपल्याकडेही अनोळखी नाही. निदान पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिके खुल्या साधनांवर घ्यावीत आणि पुढचे बोर्ड मागवताना खुली साधने त्यांना चालतात का, एवढे आधी पाहावे. निविदेत एक ओळ वाढेल, इतकेच.

माझ्या खणात आइस-४०चा एक जुना बोर्ड होता. धूळ झटकून तो भाच्याच्या हाती दिला. त्याच्या जुनाट लॅपटॉपवर जेवणाआधी सगळी साधने बसली. पहिल्या प्रयत्नात दिवा लागलाच नाही. पोराने पिनेचा आकडा चुकवला होता. दुसऱ्यांदा लागला, आणि सौ.ला हाक मारून दाखवण्यात आला.

"आमच्या लॅबमधल्या तीसवर पण चालेल हे?" त्याने विचारले.

मी पाहिले. ते बोर्ड दुसऱ्याच कंपनीचे, आणि त्या चिपची माळ अजून पुरती उलगडलेली नाही. माझा बोर्ड त्याच्या पिशवीत टाकला. ते कपाट मार्चपर्यंत बंदच राहणार.