लिहिण्याचा अधिकार आणि पुराव्याची जबाबदारी

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊ करूनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. इतिहासाच्या तासाला आम्ही हा प्रसंग सांगतो. पूर्वी मुले तो निमूट ऐकत. अलीकडे मात्र एखादा हमखास विचारतो, “सर, मग त्यांनी ती दुसरीकडे का नाही टाकली?” छापखाना, कागद, वर्गणीदार आणि टपालखर्च यांची जुळवाजुळव झाल्याशिवाय शब्द लोकांपर्यंत पोहोचत नसे, हेच त्याला आधी समजावून सांगावे लागते.

या प्रश्नाचे आम्हाला हसू आले, मग बरेही वाटले. आमच्या आजोबांना चावडीच्या पायरीशी उभे राहून बोलावे लागे. त्यांच्या पणतवंडांना आपले म्हणणे मांडण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी असे वाटतच नाही, हे थोडे नव्हे. इंटरनेट केवळ वाचण्यापुरते होते तोवर ते एक मोठे ग्रंथालय होते. वाचकच लिहू लागला, उलट उत्तर देऊ लागला, तेव्हा त्याची चावडी झाली.

अर्थात तिची दारे सर्वांना सारखी उघडी नाहीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वसतिगृह रिकामे झाले. घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात आणि बाप वीटभट्टीवर! संध्याकाळी फोन घरी येई तोवर तास संपलेला असे. आमच्या वर्गातील काही मुली त्यानंतर परत आल्याच नाहीत. म्हणूनच तंत्रज्ञानाचे गोडवे गाताना आमची जीभ आजही अडखळते.

तथापि, ज्यांच्या हाती फोन आला त्यांच्याविषयीची आमची चिंता वेगळी आहे. रोज सकाळी निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचे छायाचित्र आणि खाली एखादे वाक्य येते. पुष्कळदा ते वाक्य त्यांचे नसतेच. पाठवणाऱ्याची श्रद्धा आम्ही जाणतो. परंतु आधार दिल्यावाचून विधान न करण्याची शिस्त ज्यांनी आयुष्यभर पाळली, त्यांच्याच नावावर निराधार वाक्ये खपवणे हा कसला आदर? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी दिलेल्या त्रिसूत्रीचेच पाहा. त्या इंग्रजी भाषणात शिक्षणानंतर चळवळ येते आणि संघटन अखेरीस. आपल्या बॅनरवर, आणि आता फोनवर, संघटन मध्येच येऊन बसले आहे. (आमच्या सभागृहाची भिंतही याला अपवाद नाही, ती आम्हीच रंगवून घेतली.)

गेल्या वर्षी दहावीतील एका मुलीने हा क्रम पडताळून पाहिला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड एके काळी मिळता मिळत नसत. आता ते संगणकावर विनामूल्य वाचता येतात. तिने सतराव्या खंडाच्या तिसऱ्या भागातील ते पान शोधले, त्याचे छायाचित्र घेतले आणि सुटीत गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. एका काकांनी लिहिले, “जास्त शिकलीस वाटतं.” दुसऱ्यांनी तिला गटातून काढण्याची सूचना केली. तिने वाद घातला नाही. खाली पृष्ठ क्रमांक तेवढा लिहिला.

चार दिवसांनी गावातील एका वृद्ध कार्यकर्त्यांनी तिच्या वडिलांना फोन करून तो खंड कुठे पाहायला मिळेल, असे विचारले. पुढच्या रविवारी ते एस.टी.ने शाळेत आले. आम्ही पडद्यावर अक्षरे मोठी करून दिली. इंग्रजी त्यांना येत नव्हते. मुलगी एकेक वाक्य वाचून अर्थ सांगत होती आणि ते आपल्या वहीत उतरवून घेत होते. निघताना सभागृहाच्या भिंतीपाशी थांबून ते आम्हाला म्हणाले, “गुरुजी, ही कधी रंगवणार?”