प्लेटीतलं वर्तुळ आणि बागेतला तेल्या



मृग बहाराच्या डाळिंबावर तेल्याचे डाग दिसायला लागले, की व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतोच. काचेची गोल प्लेट, त्यात पिवळसर थर, थरावर कागदाच्या टिकल्या आणि टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ. खाली लिहिलेलं, कडुनिंबाच्या पाल्यानं जिवाणू मरतो, प्रयोगशाळेत सिद्ध. त्याच्याखाली बाटलीचा भाव.

फोटो खरा असतोय. त्याचा अर्थ खोटा सांगतात.

प्रयोगशाळेत पाला वाळवून त्याचा अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढतात, आटवून घट्ट करतात. त्यात भिजवलेली टिकली जिवाणूंच्या थरावर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. कडुनिंब, तुळस, निरगुडी, पेरू, अशा कितीतरी पाल्यांनी वर्तुळ दिलंय. त्यात नवल काय? झाडालाही बुरशी-जिवाणूंशी झगडायचं असतंय, म्हणून पानात टॅनिनसारखी द्रव्यं असतात. पण तिथं जिवाणू उघड्यावर पडलेला, अर्क घट्ट, ना ऊन ना पाऊस. आपल्या बागेत तेल्याचा झँथोमोनस पानात, फांदीत, फळाच्या सालीत घुसून बसलेला. आपण पाणी घालून पातळ केलेलं वरून मारणार, उन्हानं त्याची ताकद उतरणार, संध्याकाळच्या सरीनं राहिलेलं धुऊन जाणार. प्लेटीतलं वर्तुळ हे "पुढं तपासून बघा" एवढंच सांगतं.

आता म्हणतील, आजीबाईच्या बटव्याला नावं ठेवतोय. नाही बाबा. आजी निंबाचा पाला उकळून जखम धुवायची, ताजा पाला वाटून वर लावायची, रोज उघडून बघायची. वरची जखम, हातभर जागा. तिनं पाच एकर बागेचा रोग एका बाटलीत बरा करतो असं कधी म्हटलं नाही. तिच्या नावावर धंदा करणारे म्हणतात.

दशपर्णी मीही करतो. निंब, करंज, रुई, एरंड, सीताफळ, घाणेरी, महिनाभर ड्रम ढवळायचा, वास गल्लीभर. मावा, तुडतुडे, बारीक अळी यांच्यासाठी वापरतो. ते किडीचं काम आहे. तेल्या कीड नव्हे, जिवाणू आहे.

बाटली हातात आली तर लेबल वाचा. तोंडानं तेल्या म्हणतात, लेबलवर "वाढवर्धक" लिहितात. कारण रोगावरचं औषध म्हणून विकायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, पुरावा द्यावा लागतो. नोंदणी असलेल्या निंबाच्या औषधावर ॲझाडिरॅक्टिन किती पीपीएम ते छापलेलं असतं, आणि तेही किडीसाठीच.

मग स्ट्रेप्टोमायसिनची पुडी मारायची का? तीही नको. तेच औषध माणसाच्या टीबीला वापरत आलेत. बागेत मारून मारून जिवाणू त्याला सरावला तर उद्या आपल्याच घरात महागात पडेल. पाल्याचा अर्क खरंच चालला असता तर मला सगळ्यात जास्त आनंद झाला असता, म्हणून तर चीड येते.

बाटलीचे पैसे गेले तर गेले. पण बाटली मारली म्हणून माणूस निवांत होतो. तेलकट फळं झाडाखाली तशीच राहतात, रोगट झाडाची कात्री हायपोक्लोराइटमध्ये न बुडवता पुढच्या झाडाला लागते, रोगट बागेतली गुटी स्वस्तात येते म्हणून लावली जाते. पावसाच्या थेंबांनी रोग ओळीच्या ओळी पुढं सरकतो. रोगट फांद्या कापून जाळणं, बोर्डो, बागेला विश्रांती, जमत असेल तर हस्त बहार, ही कामं कष्टाची आहेत आणि त्यांचा फोटो चांगला येत नाही.

विकणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं. माझ्याच बागेत वीस झाडं तुमच्या अर्काची, शेजारची वीस नुसत्या पाण्याची, बाकी सगळं सारखं. तोडणीला दोन्हीकडची डागाळलेली फळं मोजू. तुमची कमी भरली तर बाटलीचे दुप्पट पैसे देतो. आजवर तिघांना म्हटलं. तिघांनीही नंतर फोन करतो म्हणून सांगितलं.