वाढीला वय असतें

आमच्या परसांतला आड माझ्या आजोबांनीं खणला. भर वैशाखांतहि त्यांत कमरेएवढें पाणी असे, हें मीं लहानपणीं पाहिलें आहे. पुढें आळींत नवीं घरें झालीं, घरोघर बोअर झाली, आणि आतां होळीच्या सुमारासच आडाचा तळ दिसूं लागतो. आमची स्वतःची बोअर अडीचशें फुटांची. यंदां फाल्गुनांत तीहि पाण्याऐवजीं हवा देऊं लागली. तेव्हां धाकटे चिरंजीव म्हणाले, "अण्णा, दुसरी घेऊं. सहाशें फुटांपर्यंत जाऊं."

"आणि ती आटली म्हणजे?" मीं विचारलें.

यावर उत्तर दिलें तें नातवानें. तो कॉलेजांत अर्थशास्त्र शिकतो. "आजोबा, गरज वाढली कीं उपायहि वाढतात. माल्थसनें दोनशें वर्षांपूर्वीं असेंच भय घातलें होतें. तो साफ चुकला!"

नातवाचें म्हणणें अर्धें खरें आहे, आणि अर्धें खरें असलेलें म्हणणें खोडून काढणें फार कठीण असतें. म्हणून यंदांच्या सदरांत तोच प्रश्न वाचकांपुढें ठेवतों: माणसांची संख्या व त्यांची संपत्ति हीं अखंड वाढत राहूं शकतील काय?

प्रथम प्रतिपक्षास त्याचें श्रेय देऊं. माल्थस या इंग्रज धर्मोपदेशकानें 1798 मध्यें लिहिलें कीं, लोकसंख्या भूमितिश्रेढीनें वाढते, अन्न मात्र गणितश्रेढीनें. म्हणून उपासमार अटळ. त्या वेळीं पृथ्वीवर शंभर कोटींच्या आसपास माणसें होतीं. 2022 च्या नोव्हेंबरांत तीं आठशें कोटी झालीं, आणि आजचा सामान्य माणूस माल्थसच्या काळांतल्या माणसापेक्षां अधिक जेवतो व पुष्कळच अधिक जगतो. हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें 1909 मध्यें हवेंतल्या नत्रवायूपासून अमोनिया करून दाखविला व त्यांतून कृत्रिम खतें निघालीं. पुढें बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हाच्या जाती आपल्याकडे आल्या, आणि परदेशच्या धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसणारा देश पोटापुरतें पिकवूं लागला. रेशनवरची तांबडी मिलो लहानपणीं खाल्लेल्या माझ्यासारख्याला या उपकाराचें मोल कोणीं सांगावयास नको.

परंतु हा चमत्कार कशावर चालला, हेंहि पाहिलें पाहिजे. ज्या पंजाबनें देशाची कोठारें भरलीं, तेथें पावसानें व कालव्यांनीं भूगर्भांत जेवढें वापरण्याजोगें पाणी दरवर्षीं भरतें, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसलें जातें, असें सरकारी मोजणीच सांगते. म्हणजे व्याजावर न भागल्यामुळें मुद्दल मोडणें चालू आहे. मुद्दल मोडणारा गृहस्थ कांहीं काळ फार श्रीमंत दिसतो, हें आपण पाहिलेलें आहेच.

आतां शाळामास्तरास शोभेल असें एक उदाहरण सोडवूं. 1971 ते 1981 या दशकांत आपली लोकसंख्या जवळजवळ 25 टक्क्यांनीं वाढली. या गतीनें ती सुमारें 32 वर्षांत दुप्पट होते. 1981 मध्यें आपण 68 कोटी होतों. तीच गति राहिली असती, तर 320 वर्षांत दहा वेळां दुप्पट होऊन आपण 1024 पट, म्हणजे सुमारें सत्तर हजार कोटी झालों असतों. हिमालय, थरचें वाळवंट व सर्व नद्यांचीं पात्रें धरूनहि एकेकाच्या वांट्याला पांच चौरस मीटरांपेक्षां कमी जागा आली असती. एक पलंग आणि त्याभोंवतीं जेमतेम उभें राहण्यापुरती! आणि पुढच्या 32 वर्षांत तीहि निम्मी. चक्रवाढीचा स्वभावच असा आहे कीं, शेवटच्या पायरीपर्यंत सर्व कांहीं ठीक चाललेलें दिसतें.

सुदैवानें तसें होत नाहीं. स्वातंत्र्याच्या सुमारास एका स्त्रीस सरासरीनें सहाच्या आसपास मुलें होत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत हा आंकडा 2.0 आला आहे. मातापित्यांची जागा भरून निघण्यास 2.1 लागतो. हें कशानें झालें? मुली शिकल्या, लग्नें उशिरां होऊं लागलीं, जन्मलेलें मूल जगेल असा भरंवसा आला. 1976 मध्यें सक्तीची जी मोहीम झाली, तिनें लोकांच्या मनांत भय तेवढें ठेवलें. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 1921 मध्यें मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, तेव्हां आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतूनच त्यांची अधिक हेटाळणी झाली. ते गणिताचे प्राध्यापक होते. चक्रवाढ कोठें नेते हें त्यांस आपल्याहून चांगलें कळत असावें. अजून कांहीं दशकें संख्या वाढेल, कारण आजच तरुणांची संख्या मोठी आहे. पण या शतकाच्या उत्तरार्धांत जगाची लोकसंख्या शिखर गांठून उतरूं लागेल, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज आहे.

मग चिंता संपली काय? नाहीं. माणसांची वाढ मंदावली, पण माणसांच्या हव्यासाची मंदावली नाहीं. 1970 पासून लोकसंख्या दुपटीहून थोडी अधिक झाली. परंतु पृथ्वीच्या पोटांतून व पाठीवरून आपण जें काढतों (धातु, दगड-वाळू, कोळसा, तेल, लांकूड, पिकें) तें 30 अब्ज टनांवरून 100 अब्ज टनांच्या पुढें, म्हणजे तिपटीहून अधिक झालें आहे. सात टक्क्यांची वार्षिक वाढ ऐकली कीं आपणांस आनंद होतो. पण तीच वाढ शंभर वर्षें टिकली तर सर्व कांहीं साडेआठशें पटींच्या वर जातें. यावर विद्वान म्हणतात कीं, यंत्रें सुधारतील व थोड्या मालांत अधिक काम होईल. तें खरेंच आहे. पण 1865 मध्येंच जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें दाखवून दिलें होतें कीं, वाफेचें यंत्र कमी कोळशांत चालूं लागल्यावर इंग्लंडांत कोळसा कमी जळला नाहीं, उलट अधिकच जळला. काटकसरीनें वांचलेलें संयमानें राखावें लागतें. तें काम यंत्र करीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, पोट भरलेल्यानें उपाशी माणसास संयम शिकवूं नये. अगदीं मान्य! ज्या घरांत दिवा नाहीं, औषध नाहीं, तेथें वाढ झालीच पाहिजे. लहान मूल वाढलें नाहीं तर आई रडते. पण तेंच मूल चाळिसाव्या वर्षींहि दरसाल दोन इंच उंच होऊं लागलें, तर आपण वैद्य बोलावूं. वाढीला वय असतें. शरीराची वाढ थांबल्यावरच विद्या, विवेक व कर्तृत्व यांची वाढ पुरी होते. मिल यानेंहि 1848 मध्यें असेंच म्हटलें होतें कीं, संपत्ति व लोकसंख्या स्थिर झाल्यानें मनुष्याची सुधारणा थांबत नाहीं.

आपल्याकडे ययातीची कथा सर्वांस ठाऊक आहे. वासना तृप्त होईना, म्हणून त्यानें स्वतःच्या पुत्राचें तारुण्य मागून घेतलें. कथेंतला पूरु निदान हो म्हणावयास समोर उभा होता. आपण ज्यांचें पाणी आज उपसतों, ते अजून जन्मालाहि आले नाहींत.

हें सर्व मीं रात्रीं जेवतांना मोठ्या आवेशानें सांगितलें. सूनबाई वाढतां वाढतां थांबल्या व शांतपणें म्हणाल्या, "मामंजी, सगळें खरें, पण पहांटे चारला नळाखालीं हंडे लावायला मी उठतें." माझ्या साऱ्या गणितांत ही एक रक्कम धरावयाची राहिली होती. मी निरुत्तर झालों.

मग नातवानेंच कागद ओढला. आमचें छप्पर शंभर चौरस मीटरांचें. येथें वर्षाला सातशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे सत्तर हजार लिटर पाणी गटारांत जातें. रोज पांचशें लिटर धरलें तर 140 दिवसांचें. थोडें वायां जाईल असें धरलें, तरी तें आडांत सोडावें असें ठरलें. तेवढ्यांत चिरंजीव म्हणाले, "आपण आडांत सोडायचें आणि शेजाऱ्यांच्या बोअरनीं ओढून न्यायचें!" शंका अगदीं रास्त होती. जमिनीखालचें पाणी कोणाच्या कुंपणाला ओळखत नाहीं.

तूर्त सहाशें फुटांची बोअर एक वर्ष पुढें ढकलली आहे, आणि हंडे लावण्याची पाळी मुलगा व नातू यांनीं वांटून घेतली आहे. येत्या रविवारीं आळींतल्या सर्वांस चहाला बोलावलें आहे. किती जण येतात, आणि आल्यावर काय म्हणतात, तें पुढच्या अंकीं कळवीन.