‘माणसातलं जनावर’ म्हणून हात झटकू नका!

कुठेही जमावाने कुणाला ठेचून मारलं की दुसऱ्या दिवशीचं वाक्य ठरलेलं असतं : माणसातलं जनावर जागं झालं. आम्ही पत्रकारही ते बिनदिक्कत छापतो. मीही छापलंय. आता मात्र या वाक्याची चीड येते.

वाचणारी मंडळी पुरावा म्हणून विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) पुढे करतात. निर्जन बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी पोरं. आधी शंख फुंकून सभा घेतात, पुढारी निवडतात, नियम करतात. शेवटी तोंडाला रंग फासून एकमेकांच्या जिवावर उठतात. निष्कर्ष काय, तर संस्कृतीचा मुलामा खरवडला की आत जनावरच!

अहो, पुस्तक नीट वाचा की. शिकारी टोळीचा म्होरक्या जॅक कोण? चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांचा प्रमुख. त्याची पोरं गणवेशात, दोन-दोनच्या रांगेत येतात. हुकूम सोडायची आणि निमूट पाळायची सवय शाळेतून आलेली आहे, जंगलाने दिलेली नाही. शेवटी पोरांना सोडवायला येतो तो अधिकारीसुद्धा युद्धनौकेवरून उतरतो!

आणि सायमनचा खून आठवा. अंधारात दोन जुळे भाऊ पॅराशूटला लटकलेलं एक प्रेत बघतात आणि बोंब ठोकतात, डोंगरावर राक्षस आहे! दात, नख्या सगळं त्यांनीच जोडलेलं. सायमन एकटा वर जाऊन खात्री करतो आणि खरं सांगायला खाली येतो. नाचणारा घोळका त्यालाच राक्षस समजून मारतो. त्या घोळक्यात कायम नियमांची बाजू घेणारे राल्फ आणि पिगीसुद्धा असतात. दुसऱ्या दिवशी पिगी म्हणतो, तो अपघात होता.

बेटावरची गोष्ट वाटते? मग आपल्याकडची ऐका.

१ जुलै २०१८. राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना आठवडी बाजाराच्या दिवशी लोकांनी धरलं आणि कोंडून, मरेपर्यंत मारलं. कुठे? जंगलात नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत!

तेव्हा कट्ट्यावर मी काय ऐकलं? ‘जंगली लोक!’ अरे, अफवा काय जंगलातून आली होती? त्या दिवसांत तसला मेसेज माझ्याही ग्रुपवर आला होता. पाठवणारे मास्तर, वकील आणि आमच्याच धंद्यातले. काळजीपोटी, हात जोडलेल्या चिन्हासकट. मी पुढे पाठवला नाही, पण ‘हे खोटं आहे’ असंही लिहिलं नाही. वाचला आणि सोडून दिला. म्हणजे घोळक्याच्या कडेला मीही होतोच.

जनावराला नाव ठेवणं सोयीचं असतं, कारण त्याच्यावर खटला भरता येत नाही. पण जनावर अफवा पसरवत नाही. खोलीला कडी लावत नाही. ते माणसं करतात, एकेक जण, शुद्धीत.

असा मेसेज पुन्हा येईल. तेव्हा पुढे ढकलण्याआधी पोलीस ठाण्यात एक फोन लावा. खोटं असेल तर त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर, खोटं आहे म्हणून लिहा. चार जण नाराज होतील. होऊ देत!